कवडीचा ठावठिकाणा



समुद्रातील गोगलगाईंच्या वर्गीकरणावर व्याख्यान होणार असे फलकावर लागले, तेव्हा ‘मग आमच्या खाचरातल्या गोगलगाईंनी काय घोडे मारले?’ असा प्रश्न साखरशेतच्या एका वडीलधाऱ्यांनी मघाशी दारातच विचारला. (हशा) प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी कवडी निवडली आहे. कारण समुद्रात जगणारा हा लहानसा जीव मेल्यावर डोंगर चढून आपल्या सारीपाटावर आणि भवानीच्या भुत्याच्या गळ्यात येऊन बसला, पण येताना आपला पत्ता मागे विसरून आला. ज्या वस्तूचा ठावठिकाणा दफ्तरी नाही तिचे वर्गीकरण कधी पुरे होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

लिनीयसची दोन नावांची पद्धत शाळेपासून सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्यावर थांबत नाही. १७५८ साली त्याने यच्चयावत् कवड्या ‘सायप्रिया’ या एकाच प्रजातीत घातल्या, आणि पुढे एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्याची खातेफोड व्हावी तशी या प्रजातीची वाटणी सुरू झाली. चलनातल्या कवडीचे ‘मोनेटारिया’ हे खाते १८६३ साली ट्रोशेलने उघडले. विसाव्या शतकात शिल्डर पतिपत्नींनी कवचांच्या सूक्ष्म भेदांवरून अनेक खाती पाडली. उलट ॲलिसन के या विदुषीने १९६० साली आतल्या शरीराची रचना पाहून प्रजाती एकच पुरे, असा निवाडा दिला.

एवढ्या विद्वानांत असा मतभेद का व्हावा? कोवळ्या कवडीचे कवच साध्या गोगलगाईसारखे पिळाचे आणि पातळ काठाचे असते. वय झाले की काठ आत वळतो, त्याला दात फुटतात, आणि मग तिची लांबी वाढत नाही. प्रावरण नावाची मांसल घडी दोन्ही बाजूंनी कवचावर चढून वरून नवा थर देते. तिची सुप्रसिद्ध झिलई ती हीच. एकाच जातीची एक कवडी लहान आणि दुसरी मोठी असू शकते. तेव्हा केवळ आकारमान व रूप यांच्या साक्षीवर निकाल देणे धोक्याचे.

आता तिचा पत्ता हरवला कसा, ते ऐका. आपल्या जव्हारच्या नेमशहाला दिल्लीच्या महंमद तुघलकाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली, असे परंपरा सांगते. त्याच सुमारास त्याच तुघलकाच्या पदरी राहिलेला इब्न बतूता मालदीव बेटांवर उतरला आणि तेथे काझी झाला. तेथील लोक समुद्रातून कवड्या वेचतात, खड्ड्यांत घालून मांस झडू देतात, आणि उरलेली पांढरी कवचे देऊन बंगालच्या लोकांकडून तांदूळ घेतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पोटासाठी बेटांनी आपला जीव खड्ड्यात कुजविला, आणि त्या कवचांवर इकडे मोठमोठे हिशेब चालले! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म; म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या झाल्या. ओरिसात इंग्रजांनी जमीनमहसूल कवड्यांऐवजी रुप्याच्या नाण्यांत मागितला, आणि १८१७ च्या पाइकांच्या उठावामागच्या कारणांत हेही एक होते. पुढे हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांनी झांजिबारकडची, पाठीवर पिवळसर कडे असलेली ‘ॲन्युलस’ कवडी गलबते भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतली आणि तेथे कवडीचा भाव कोसळला… अध्यक्षमहाराज घड्याळ दाखवीत आहेत. (हशा) मालदीवात फार वेळ गेला. पण तो वाया गेला असे मी मानीत नाही, कारण मूळ समुद्राची नोंद न करता लक्षावधी कवचे कशी पसरली, हे सांगितल्यावाचून पुढचे उमजणार नाही.

थोडक्यात सांगतो. २००३ साली ख्रिस्तोफर मायर यांनी पेशींतील आनुवंशिक द्रव्याची साक्ष काढली. तपकिरी काठाची, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची ‘कॅपुटसर्पेंटिस’ पूर्वी भलत्याच खात्यात होती. ती मोनेटारियाच्या घरची ठरली. तिचे भावंड ‘कॅपुटड्रॅकोनिस’ ईस्टर बेट आणि साला-इ-गोमेझ येथेच, आणि ‘ॲन्युलस’चे भावंड ‘ऑब्व्हेलाटा’ फ्रेंच पॉलिनेशियाच्या बाजूला. अशा सख्ख्या जाती वेगळ्या ओळखायच्या तर नमुना कोणत्या समुद्रातला, हे आधी ठाऊक हवे. त्या नमुन्यांवर जागा लिहिलेली नसती, तर प्रयोगशाळा निम्म्या वाटेवरच अडखळली असती.

‘हे सारे ठीक, पण आम्हाला त्याचा उपयोग?’ असे कुणी विचारील. उपयोग हा, की वर्गीकरणाचे पहिले काम विद्यापीठात होत नाही. ते वस्तू उचलणाऱ्या हातापाशी होते. पहिल्या पावसात खाचरात निघणारी गोगलगाय, ओढ्यातला खेकडा, यांना या गावातली पोरे माझ्याहून शंभरपट चांगली ओळखतात. शाळेत एक जाड वही ठेवा. तीत जागा, तारीख, वेळ, सापडवणाऱ्याचे नाव आणि जीव जिवंत होता की नुसते कवच, एवढे लिहा. शास्त्रीय नाव पुढे कुणीही लावील, चुकले तर दुरुस्त करील. पण आज न लिहिलेली जागा उद्या कोणत्याही विद्वानाला भरता येणार नाही. येत्या पावसाळ्यापासून ही वही सुरू व्हावी, एवढीच माझी मागणी आहे, आणि तिची पहिली नोंद मघाच्या त्या वडिलांच्या खाचरातलीच असावी. (टाळ्या)