वनप्रदेशातील संगणकविद्या

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस बारावीचे निकाल लागले म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतील कित्येक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला अथवा मुलीला संगणकशास्त्र शिकावयाचे आहे. तर त्यासाठी नागपूर-पुण्याची वाट धरावी की येथल्याच एखाद्या महाविद्यालयात नाव घालावे? घरातील वडील माणसे खर्चाचा हिशेब मांडतात, आई अंतराचा विचार करते, आणि शेजारीपाजारी बहुधा एकच मत देतात: विद्या शिकावयाची तर ती मोठ्या शहरात. हे मत इतके रूढ झालेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. आजच्या भाषणाचा विषय हा तपासच होय.

ह्या दोन जिल्ह्यांचे विद्यापीठ वयाने अगदी कोवळे आहे. २७ सप्टेंबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली व त्याचे मुख्य ठाणे गडचिरोली येथे ठरले. तत्पूर्वी येथील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या संगमाजवळ, सिरोंचा आहे. तेथील विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या दारी एक अर्ज द्यावयाचा झाला तरी तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागे. ह्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या खानेसुमारीत लोकसंख्या १० लक्ष ७३ हजार; म्हणजे एका चौरस किलोमीटरात सरासरी ७४ माणसे. भूमीचा बहुतेक भाग अरण्याने व्यापलेला, आणि रेल्वेचे म्हणावे तर वडसा हे एकच स्थानक जिल्ह्याच्या वाट्यास दीर्घकाळ आलेले. अशा मुलखात विद्यापीठ निघाले, आणि त्यात इतर विषयांच्या जोडीने संगणकशास्त्राचाही पदव्युत्तर विभाग उघडला, ही गोष्ट नुसती शासकीय सोयीची मानून सोडून देण्याजोगी नाही.

आता, संगणकशास्त्र म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणक चालविता येणे म्हणजे संगणकशास्त्र नव्हे. शिवणयंत्र चालविणारा आणि यंत्रशास्त्र जाणणारा ह्यांच्यात जो भेद, तोच येथेही आहे. ह्या शास्त्राचा गाभा यंत्रात नसून रीतीत आहे. कोणतेही काम लहान लहान, निःसंदिग्ध पायऱ्यांत कसे मांडावे, आणि कमीत कमी पायऱ्यांत ते कसे तडीस न्यावे, हा त्याचा मुख्य विचार.

ह्याचे उदाहरण शोधण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. उन्हाळ्यात ह्या जिल्ह्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो. कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन पाने तोडतात, घरी आणून त्यांचे पुडे बांधतात आणि सायंकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून देतात. एका पुड्यात ७० पाने आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडे; म्हणजे एक गोणी ही ७०,००० पानांची रास झाली. फळीवरील वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पुड्यांचा आकडा चढतो. समजा, त्या वहीत १,००० नावे आहेत व ती आली तशी लिहिलेली आहेत. एखाद्या बाईचे नाव शोधावयाचे तर पहिल्या पानापासून वाचीत जावे लागेल, आणि दैव प्रतिकूल असेल तर हजारावे नाव वाचल्यावर ते सापडेल. आता तीच नावे अकारविल्हे लावून ठेवली तर? वही मध्यावर उघडावी. हवे ते नाव त्या जागेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहताच निम्मी वही बाद होते. उरलेल्या निम्म्यात पुन्हा तेच करावे. १,००० चे ५००, ५०० चे २५०, असे करीत गेल्यास फार तर दहा वेळा पाहून नाव हाती लागते. नावे दुप्पट झाली तर काम दुप्पट होत नाही. केवळ एक पायरी वाढते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास अगदी आरंभी शिकविली जाणारी ही युक्ती आहे. ती समजण्यास महानगर लागत नाही, चांगला शिक्षक लागतो.

यंत्राची गोष्ट मात्र एके काळी खरोखरच निराळी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या संगणकाचे १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नामकरण केले, आणि १९६३ साली कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेत आय.बी.एम. कंपनीचे यंत्र आले, तेव्हा अशी यंत्रे देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्याला ती विद्या हवी, त्याला यंत्राच्या पायाशी जाणे भाग होते. आज त्या यंत्रांहून कितीतरी पटींनी समर्थ असा संगणक भामरागडच्या बाजारात आलेल्या तरुणाच्या खिशात असतो. यंत्रासाठी शहरात जाण्याचे कारण उरलेले नाही. प्रश्न आहे तो गुरूंचा, सहाध्यायांचा आणि कामाचा.

लहान व आडबाजूच्या विद्यालयात ह्या शास्त्राचे मोठे कार्य होऊ शकते काय? ह्याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, अरण्याने वेढलेल्या हॅनोव्हर ह्या छोट्या गावी डार्टमथ नावाचे महाविद्यालय आहे. तेथील गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ, ह्यांच्या मनात आले की, संगणक हा केवळ तज्ज्ञांच्या ताब्यात का असावा? साहित्य अथवा इतिहास शिकणाऱ्या मुलालाही तो हाताळता आला पाहिजे. त्यांनी 'बेसिक' नावाची, नवख्यास चटकन समजेल अशी संगणकभाषा रचली आणि एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था उभारली. १ मे १९६४ रोजी पहाटे ती व्यवस्था प्रथम चालली. विशेष हे की, त्या कामातील अवघड भाग पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थ्यांनी पार पाडला. मोठ्या विद्यापीठात अशी कामगिरी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर बहुधा कोणी सोपविली नसती. लहान जागी ती त्यांच्यावर सोपविण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्यातच त्यांचे भाग्य होते.

योगायोग असा की, त्याच १९६४ साली चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांच्या आनंदवनात, आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. समाजाने गावाबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यांच्या श्रमातून उभे राहिलेले ते विद्यामंदिर. विद्येचे घर कोठे व कोणी बांधावे, ह्याविषयीच्या रूढ कल्पनेला ह्या मुलखाने पूर्वीच छेद दिलेला आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

लहान विद्यापीठाचा मोठा गुण म्हणजे तेथे माणूस हरवत नाही. वर्गात वीस-पंचवीस मुले असली म्हणजे शिक्षकास प्रत्येकाचे नाव, गाव आणि अडचण ठाऊक असते. संगणकशास्त्रात ह्याचे मोल विशेष आहे. ह्या विषयात विद्यार्थी वारंवार अडतो. लिहिलेली आज्ञावली चालत नाही, आणि चूक एखाद्या स्वल्पविरामाची असते. अशा वेळी शेजारच्या बाकावरील मित्र वा जवळून जाणारे सर दोन मिनिटे थांबले तर गाठ सुटते. कोणीच थांबले नाही तर हाच अनुभव 'हा विषय माझ्यासाठी नव्हे' अशा समजुतीत परिणत होतो. घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेल्या मुलाच्या बाबतीत ही समजूत फार लवकर घट्ट होते. त्यातून, ज्याच्या घरी माडिया वा गोंडी बोलली जाते, शाळा मराठीत झाली आणि पुस्तके इंग्रजीत आली, त्याला प्रत्येक कल्पना तीन भाषांतून ओलांडून यावी लागते. त्याला प्रश्न विचारण्याची लाज वाटू नये एवढा जिव्हाळा ज्या वर्गात असेल, तो वर्ग त्याच्यासाठी कोणत्याही नामांकित वर्गाहून श्रेष्ठ होय.

तथापि एवढ्यावरून लहान ते सर्व चांगले, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. जिव्हाळा ही ज्ञानाची जागा नव्हे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, ग्रंथालयात नवी पुस्तके आली नाहीत, आणि आभाळ भरून येताच वीज व जाळे दोन्ही नाहीशी होऊ लागली, तर गोड वागणुकीने विद्यार्थ्याचे पोट भरत नाही. शिवाय शहरातील मुलाला आपल्याहून हुशार असे शंभर सोबती भेटतात. त्या घर्षणाने बुद्धीला जी धार येते, ती वीस जणांच्या वर्गात सहजासहजी येत नाही. आणि पदवी मिळाल्यावर नोकरी देणारे कारखाने व कचेऱ्या पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आहेत. वैनगंगेच्या काठी नाहीत. पालकांची चिंता निराधार नाही, आणि तिची थट्टा करणे अन्यायाचे होईल.

परंतु ह्या तागडीच्या दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट आहे, आणि ती सहसा कोणी टाकीत नाही. ती म्हणजे ह्या मुलखाचे स्वतःचे काम.

गोंडी भाषेचेच पाहावे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे ही भाषा बोलणारे सुमारे ३० लक्ष लोक देशात आहेत. ती द्राविड कुळातील असून मध्य भारताच्या अनेक राज्यांत विखुरलेली आहे. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान नाही. संगणकांच्या जागतिक लिपिसंकेतात, म्हणजे युनिकोडात, मसराम गोंडी लिपीचा समावेश २०१७ साली व गुंजाळा गोंडी लिपीचा २०१८ साली झाला. २०२५ साली केंद्र शासनाच्या जनजाती कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन चाचणीसाठी खुले केले. त्यात संथाळी, भिली व मुंडारी ह्यांच्यासोबत गोंडीही आहे. यंत्र भाषा शिकते ते माणसांनी लिहिलेल्या व बोललेल्या वाक्यांवरून. ज्या भाषेत अशी वाक्ये थोडी, त्या भाषेत यंत्र अडखळते. आणि भामरागडची माडिया व कुरखेड्याकडील गोंडी ह्यांच्या बोलण्यात अंतर आहे. यंत्राने दिलेले वाक्य आपल्या आजीला समजेल काय, हे दिल्लीतील तज्ज्ञ सांगू शकत नाही. त्या आजीचा नातू सांगू शकतो, आणि तो संगणकशास्त्र शिकलेला असेल तर ती चूक दुरुस्तही करू शकतो.

दुसरे काम ग्रामसभांचे. धानोरा तालुक्यातील मेंढा ह्या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली तेथील बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदू व बांबू ह्यांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. व्यवहार आला की हिशेब आला. आणि ज्याच्या हाती हिशेब त्याच्या हाती सत्ता, हा जुना न्याय आहे. तो हिशेब गावातल्याच मुलीने, गावाला वाचता येईल अशा रीतीने, संगणकावर मांडला तर ठेकेदाराच्या वहीवर विसंबण्याचे कारण उरत नाही.

तिसरे काम अरण्याचे. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे असतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लक्षांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची ७६,६५१ होती. एवढा पसारा निवडणे आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखणे हे संगणकाच्या साहाय्यानेच शक्य झाले. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वाघ ही चित्रातली गोष्ट नव्हे. मोह वेचावयास गेलेले माणूस परत येईल की नाही, हा तेथे प्रश्न असतो. वाघाच्या हालचालीची सूचना गावाला वेळेवर पोहोचविणारी यंत्रणा रचणे हे ज्याला त्या गावाच्या वाटा ठाऊक आहेत त्याचे काम आहे.

मोजण्यातून केवढे कार्य होते, ह्याचा दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली येथे काम आरंभिले. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत त्यांनी ३९ गावांत राबविली आणि प्रत्येक जन्माची व मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण २५ च्या घरात आले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि जगातील अनेक देशांनी त्यांची दखल घेतली. ते संशोधन ह्या अरण्यात झाले, कारण प्रश्न ह्या अरण्यात होता.

तेव्हा पालकांनी मुलाला येथेच ठेवावे काय? सर्वांना एकच उत्तर देता येणार नाही. ज्याला गणिताच्या उंच शिखरांवर जावयाचे आहे, त्याने आज ना उद्या बाहेर पडावे, आणि त्याला कोणी अडवू नये. परंतु आरंभीची तीन वर्षे आपल्या माणसांत, नावाने ओळखणाऱ्या शिक्षकांच्या हाताखाली काढून पाया पक्का करणे हा कमीपणा नव्हे. निवड करताना इमारत किती मजली आहे हे पाहण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: शिक्षक वर्गावर नियमित येतात काय, मुले स्वतःच्या हाताने आज्ञावल्या लिहितात काय, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून विकत आणलेला असतो की एखाद्या गावाच्या, दवाखान्याच्या वा जंगलाच्या खऱ्या अडचणीवर बेतलेला असतो. पहिल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक असली आणि तिसरे उत्तर खऱ्या अडचणीचे असले, तर घराजवळचे महाविद्यालय निःशंकपणे पसंत करावे.

आणि शासनानेही एवढे जाणले पाहिजे की, विद्यापीठाची पाटी लावणे हा आरंभ आहे. रिकामी जागा भरलेला एक शिक्षक, अखंड चालणारी एक वीजवाहिनी आणि वसतिगृहातील मुलींसाठी रात्री उघडी राहणारी एक प्रयोगशाळा ह्यांनी जे साधेल, ते मोठ्या घोषणांनी साधणार नाही. वैनगंगेच्या काठची मुले बुद्धीने उणी नाहीत. त्यांना विद्येपर्यंत जाण्याचा रस्ता तेवढा थोडा जवळचा हवा आहे.