बारापासॉरसला किती पॉलिगॉन लागतात?

सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. "डॅझ स्टुडिओत किंवा पोझरमध्ये केलेली फिगर व्यावसायिक वाटत नाही, पॉलिगॉन वाढवू का?" आज त्याच्यावर बोलू, आणि उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. बारापासॉरस.

सिरोंच्याच्या पट्ट्यात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात १९५८ ते १९६१ या काळात या डायनासोरची हाडं निघाली. सुमारे ३००, किमान सहा प्राण्यांची. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय, आणि मांडीचं हाड होतंही जवळपास १.७ मीटरचं. पुढचं नाव टागोराय, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीवरून. १९७५ मध्ये त्याचं रीतसर वर्णन झालं आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपल्याकडच्या पोरांना तो बघायला कोलकाता गाठावं लागतं, म्हणून पडद्यावरची फिगर हवी. वडधमचं जीवाश्म उद्यान सिरोंचा तालुक्यातच आहे; तिथून आलेल्या पोराला खडकातलं हाड जिवंत असताना कसं चालायचं, हे दाखवता आलं पाहिजे.

आता पॉलिगॉन. डॅझची जेनेसिस ८ ही मानवी फिगर मुळात साधारण १६ हजार पॉलिगॉनची. ऐकून कमी वाटतं ना? पण सबडिव्हिजनची एक पायरी चढली की प्रत्येक चौकोनाचे चार होतात. १६ चे ६४ हजार, मग अडीच लाखांवर, तिसऱ्या पायरीला दहा लाखांच्या पुढे. आणि गंमत बघा, नुसत्या सबडिव्हिजनने नवा तपशील येत नाही, फक्त कडा गुळगुळीत होतात. सुरकुती तुम्हाला कोरावीच लागते. डॅझमध्ये ती बारीक कोरीव एचडी मॉर्फ म्हणून वापरता येते, पण तो मॉर्फ तयार करायचं हत्यार बरीच वर्षं त्यांच्या दुकानात माल विकणाऱ्या कलाकारांपुरतंच होतं. हौशी माणसाने काय करायचं? ब्लेंडर घ्या. मल्टिरेझोल्यूशनवर कोरा, त्याचा नॉर्मल किंवा डिस्प्लेसमेंट नकाशा बेक करा आणि हलक्या जाळीवर चढवा. एक लक्षात ठेवा, नॉर्मल नकाशाने बाह्यरेषा बदलत नाही, डिस्प्लेसमेंटने बदलते. त्वचेच्या खवल्यांना पहिला पुरतो, पाठीच्या उंचवट्याला दुसरा लागतो.

मग खरे पॉलिगॉन कुठे खर्चायचे? सांध्यात. गुडघा, खुबा, शेपटीचं मूळ, मान. वाकणाऱ्या जागी कड्यांच्या तीन-चार ओळी नसल्या की पाय वाकवताच मांडी पिळलेल्या टॉवेलसारखी होते, वेट मॅप कितीही रंगवा. पोटाच्या सपाट भागावर जाळी दाट करणं म्हणजे शेतात पाणी सोडायचं सोडून बांधावर सोडणं.

रेंडर अडकलं की दोष पॉलिगॉनला देतात. बऱ्याचदा चोर टेक्स्चर असतो. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र मेमरीत उघडलं की सुमारे ५० एमबी घेतं, आणि फिगरला अशी दहा-बारा सहज लागतात. ग्राफिक्स कार्डात सीन मावला नाही की आयरे प्रोसेसरवर उतरतं आणि तुम्ही जेवून, झोपून उठलात तरी चित्र अर्धंच.

हे झालं तंत्र. मला खरं खुपतं ते वेगळंच. बारापासॉरसचा सांगाडा बहुतेक सगळा माहीत आहे. कवटी आणि मानेचे पुढचे मणके सोडून. डोक्यातलं मिळालं ते काही दात. चमच्यासारखे, कडेला जाड दातेरी. आणि हौशी कलाकार सगळ्यात जास्त पॉलिगॉन कुठे घालतो? तोंडावर! पापण्या, नाकपुड्या, ओठांच्या कडा, डोळ्यांतलं पाणी. ज्याचा पुरावा नाही तोच भाग सगळ्यात खरा दिसतो, आणि १.७ मीटरच्या हाडाची मांडी मात्र साध्या नळकांड्यासारखी. वर्गात ते चित्र लावलं की पोरं तोंडच लक्षात ठेवणार.

मी असं सुचवीन. पायांच्या आणि कमरेच्या मापांसाठी प्रकाशित आकृत्या समोर ठेवा. डोकं जवळच्या नात्यातल्या सुरुवातीच्या सॉरोपॉडवरून बेता, पण जाळी मुद्दाम विरळ ठेवा आणि त्याला वेगळा मटेरियल झोन द्या. मग एका क्लिकवर डोकं राखाडी करता येतं. डॅझची प्रो आवृत्ती २०१२ पासून फुकट मिळू लागली, तेव्हापासून फिगर सेटअप, वेट ब्रश ही हत्यारं हौशी माणसाच्याही हातात आहेत. मानेसाठी दोन मॉर्फ करा, एक आखूड, एक लांब, आणि मास्तरांना स्लायडर सरकवू द्या. कुणी विचारलंच, "सर, खरी कोणती?" तर दातांचा फोटो दाखवायचा आणि पोरांना त्यावरून जबडा काढायला सांगायचं.

पुढच्या भागात वेट मॅप, आणि शेपटी साखळीसारखी का तुटते ते. चला, भेटू.