लेहला गेलो आणि आधी बसलो

आजच्या भागात लेहबद्दल बोलतोय. रील्समधलं लेह तुम्ही पाहिलंच असेल. हे जरा वेगळं आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे ट्रिप म्हटली की एक्सेल शीट आलीच. पाच दिवस, तासातासाचा हिशोब. सोबत बाबा. नुकतेच रिटायर झालेत, पण दर रविवारी सिंहगड चढतात. मी म्हटलं, यांची काय काळजी!

तर गंमत बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. आणि लेह जवळजवळ 3,500 मीटर. म्हणजे विमानानं आम्हाला काही तासांत कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर नेऊन ठेवलं. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी. त्यामुळे एका श्वासात मिळतो तो समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. हे मी वाचलं होतं. पाठ होतं म्हणा ना.

गेस्टहाऊसच्या आजी, त्यांना सगळे 'आमा-ले' म्हणतात, दारातच म्हणाल्या, "जुले! आज कहीं नहीं जाना." मी हसून मान डोलावली. आणि संध्याकाळी बाबांना म्हटलं, "चला, पॅलेसपर्यंत तरी जाऊन येऊ. दिवस वाया जातोय."

बाबा निघाले. जुन्या लेहच्या गल्ल्या अरुंद, मातीच्या विटांची घरं, आणि सगळा चढ. वर सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्यालच्या काळात उभा राहिलेला नऊ मजली राजवाडा. मी फोटो काढत पुढे. मागे वळलो तर बाबा एका पायरीवर बसलेले. ओठ निळसर. सकाळपासून डोकं ठणकत होतं म्हणे.

"मग सांगायचं ना बाबा!"

"तू एवढं ठरवलं होतंस रे. म्हणून नाही बोललो."

ते वाक्य मला अजून टोचतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांना ऑक्सिजन लावला. तासाभरात चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आराम, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. माझा प्रीपेड नंबर लडाखमध्ये चालत नव्हता, त्यामुळे स्क्रोल करायचीही सोय नाही. दोन दिवस आम्ही बापलेक खिडकीत बसून.

आणि खरं सांगू? लेह मला तिथूनच दिसलं. सगळीकडे उघडे तपकिरी डोंगर, आणि मध्येच पॉपलरची हिरवी रांग. इथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. शेतात येतं ते वितळलेल्या बर्फाचं पाणी, पाटानं खेळवलेलं. झाडं दिसली की समजायचं, तिथवर कुणीतरी पाणी नेलंय.

तिसऱ्या दिवशी हळूहळू बाजारात गेलो. तिथली जामा मशीद सतराव्या शतकातली, आणि तिच्यावर नजर ठेवून असल्यासारखा वर राजवाडा. जवळच्या सेंट्रल एशियन म्युझियममध्ये कळलं की यारकंद, काश्मीर, पंजाब, तिबेट अशा चारही दिशांचे काफिले या गावात येऊन थांबायचे. पश्मिना, चहा, मसाले, गालिचे इथे हात बदलायचे. काराकोरमसारखी खिंड ओलांडून आलेली माणसं आणि जनावरं इथे दम खायची. म्हणजे थांबणं हा या गावाचा जुना धंदाच! आणि मी तिथे घाई घेऊन गेलो होतो.

राजवाडा आम्ही शेवटपर्यंत खालूनच पाहिला. शीटमधल्या निम्म्या ओळी तशाच राहिल्या.

तुम्ही विमानानं जाणार असाल तर पहिले दोन दिवस कोरे ठेवा, आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणखी एक. सोबतच्या माणसाला "बरं वाटतंय ना?" असं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. "हो हो, ठीक आहे" म्हणाले, तर पुन्हा विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. जुले!