मी बॅगपाईप शिकते आहे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्धापनदिनाला मी पोह्यांच्या पातेल्यापाशी होते, यंदा तुम्ही मला बोलायला उभे केलेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा सांभाळून घ्या.

संध्याकाळी आमच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला कोणी पुंगी म्हणते, कोणी मांजर. तो चँटर आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत बॅगपाईप वाजवीत. हे वाद्य स्कॉटलंडचे. गोऱ्या पलटणींबरोबर आले आणि आपल्या पलटणींत राहिले. बेळगावला या रेजिमेंटचे केंद्र आहे, तिथे माझे लहानपण गेले. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळलेला चँटर सापडला. तो टाकवेना, म्हणून वाजवायला घेतला.

चँटर म्हणजे सरावाची नळी. पुढे सात भोके, मागे अंगठ्याचे एक, आणि सूर अवघे नऊ. मी पेटीवर ताडून पाहिले, तर खालच्या कोमल निषादापासून वरच्या षड्जापर्यंत, खमाज थाटासारखे. खऱ्या पाईपला काखेत पिशवी असते आणि खांद्यावर तीन नळ्या एकच सूर धरून राहतात, सनईमागे सूर धरणारा बसतो तशा.

आठ महिने मी एकटीच शिकले. भांडी आवरली की वीस मिनिटे. सोप्या दोन चाली बसल्या. घरच्यांनीही वाहवा केली. (त्यांना तरी काय कळते!)

मग वडिलांच्या पलटणीतले एक काका घरी आले. मी हौसेने वाजवून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, जीभ लावू नकोस."

एकच सूर दोनदा वाजवायचा तर मी जिभेने हवा तोडत होते. चँटर थेट तोंडाने फुंकायचा, म्हणून ते जमते. पाईपमध्ये हवा पिशवीतून येते, ती कोणाच्या जिभेने थांबत नाही. तिथे दोन सुरांच्या मधे दुसऱ्या बोटाने एक निमिषभराचा सूर टाकून तोडावे लागते. शिवाय माझी बोटे बाकदार होती. खालच्या हाताची बोटे सरळ ठेवून भोके मधल्या पेरांनी झाकायची असतात. आठ महिने मी चूकच पक्की करीत होते, आणि माझ्या कानांनी एकदाही हटकले नाही.

त्या रात्री मी रडले, खोटे कशाला सांगू? वडील असते तर पहिल्याच दिवशी हातावर चापटी बसली असती. ते असताना मला एकदाही विचारावेसे वाटले नाही.

आता पुन्हा पहिल्या सुरापासून आहे. जीभ अजून मधे मधे लुडबुडते. काका महिन्यातून एकदा येतात. वर्षभर पिशवीला हात लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद आहे. त्यातले चार महिने उरलेत, आणि पिशवीचा पाईप चँटरसारखा हळू वाजत नाही. समोरच्या माईंनी दुपारच्या झोपेची काळजी आतापासूनच सुरू केली आहे.