वृद्धांच्या बाजूने बोलणारा माणूस



मी व्यवसायाने कापड व्यापारी. समाजकार्याचा माझा शास्त्रीय अभ्यास नाही. तथापि ‘केस मॅनेजर’ या पदाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. अमेरिकेत वृद्ध व्यक्तीचे औषधपाणी, घरातील मदत, विमा, सरकारी सवलती या सर्वांची सांगड घालणारा असा एक जाणकार नेमण्याची पद्धत आहे. गरज पडेल तेथे तो त्या वृद्धाच्या वतीने बोलतोही. आपल्या पेढीवरील मुनीमजींची येथे आठवण होते. सगळी खाती एकाच नजरेखाली, हे दोघांचेही काम.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ ऐंशी ओलांडलेले. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे. दोघांच्या चिठ्ठ्यांवर रक्तदाबाचे एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी आलेले. आजोबा दोन्ही गोळ्या निष्ठेने घेत आणि दुपारी भोवळ येऊन बसत. घरची मंडळी म्हणत, वय झाले. परिचारिका असलेल्या नातसुनेने सर्व चिठ्ठ्या एकत्र मांडल्या, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्याची चिठ्ठी दोन्ही डॉक्टरांनी पाहिलेलीच नव्हती.

सवलतींचेही तसेच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. परंतु त्यासाठी आधारद्वारे नोंदणी करून कार्ड काढावे लागते. ज्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ज्याचा मोबाईल मुलाकडे आहे, त्याने ते कसे काढावे?

मात्र खरी कसोटी लागते ती मिळकतीच्या कागदावर. आई-वडील प्रेमापोटी घर किंवा दुकान मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. परंतु ती अट हस्तांतरणाशी जोडलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२५ च्या आरंभी एका निकालात न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावला खरा. पण न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा सही करण्यापूर्वी एक ओळ लिहून घेणे कितीतरी सोपे. “आजोबा, सांभाळाची अट कागदात घातली का?” हा प्रश्न मुलगा विचारणार नाही, आणि आई-वडिलांना तो उच्चारण्याचाच संकोच वाटतो. तो विचारणारा तिसरा माणूस हवा.

आता व्यापाऱ्याची एक शंका. दोन्ही बाजूंनी दलाली घेणारा दलाल आपण पाहिलेला आहे. मदतनीसाचे मानधन मुलगा देणार असेल, तर तो बोलणार कोणाच्या बाजूने? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, मानधन संस्थेने द्यावे आणि मदतनीसाने प्रथम वृद्धाला, शक्यतो एकांतात, “तुमची स्वतःची इच्छा काय?” असे विचारावे. मुलांना वाटते, आईला आता पुण्यास न्यावे. आईला येथेच राहायचे असते. तिची इच्छा गैरसोयीची असली तरी ती कुटुंबापुढे मांडणे हेच त्याचे काम. यात मुलांवर अविश्वास नाही. नोकरीधंद्यामुळे दूर असलेल्या मुलांचीही यात सोयच आहे.

त्याच कायद्याच्या कलम ५ नुसार, वृद्ध स्वतः असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था निर्वाहासाठी अर्ज करू शकते. कलम १८ मधील निर्वाह अधिकारी, वृद्धाची इच्छा असल्यास, न्यायाधिकरणापुढे त्याची बाजू मांडतो. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आपल्या ट्रस्टने निवृत्त परिचारिका, बँकेतील निवृत्त अधिकारी आणि एक वकील अशा तिघांना यासाठी आठवड्यातून दोन दुपारी बसवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिल्या वर्षाच्या मानधनाचा भार उचलण्यास आमची पेढी तयार आहे.