गावाच्या नावाने

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आयोजकांनी फलकावर माझा विषय 'लिंगभाव आणि समाज' एवढाच छापला आहे. मी कळवलेला विषय लांबलचक होता: लिंगभावाच्या विरोधातल्या मोहिमा आणि समलिंगी, तृतीयपंथी व देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या चळवळी. फलकाची रुंदी कमी पडली असं आपण समजू. पूर्ण विषय छापला असता तर उन्हाळ्यात माहेरपणाला आलेल्या लेकींना घरच्यांनी आज इथे पाठवलं असतं का, ही आयोजकांची अडचण मला कळते. तरीही त्यांनी मला बोलावलं, याबद्दल आभार.

हा विषय खेड्यात कशाला, असं मला येण्याआधी विचारलं गेलं. कशाला, ते सांगते. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या याचिकांची सुनावणी सुरू झाली. केंद्र सरकारने लेखी म्हणणं मांडलं की ही मागणी म्हणजे शहरी, उच्चभ्रू लोकांचा विचार आहे. ग्रामीण भारताचंही ऐकलं पाहिजे. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी सुनावणीत म्हटलं की हे शहरीच आहे असं दाखवणारी आकडेवारी सरकारने दिलेली नाही. पुढे 17 ऑक्टोबर 2023 ला विवाहाचा हक्क नाकारला गेला, तो भाग वेगळा. माझं लक्ष अडकलं ते त्या 'ग्रामीण'वर. ग्रामीण म्हणजे कोण? केदारखेड्याला कुणी विचारलं होतं? भोकरदनच्या कुठल्या ग्रामसभेत हा विषय निघाला होता? आपल्याला न विचारता आपली सही कुणीतरी ठोकून दिली. म्हणून हा विषय इथे.

लिंगभाव म्हणजे फार अवघड काही नाही. मुलगी घरात बसली तर शहाणी आणि मुलगा घरात बसला तर बायल्या, हे निसर्गाने ठरवलेलं नाही, आपण ठरवलं आहे. एवढं म्हणायलाही जगात आज मोठा विरोध आहे आणि तो चांगला संघटित आहे. 1994 ची कैरोची लोकसंख्या परिषद आणि 1995 ची बीजिंगची महिला परिषद या दोन ठिकाणी व्हॅटिकनने या कल्पनेवर हरकत घेतली, आणि तिथून ही मोहीम आकाराला आली. हंगेरीने 2018 मध्ये लिंगभावाच्या अभ्यासक्रमांची मान्यताच काढली. ब्राझीलमध्ये 2017 साली ज्युडिथ बटलर या लिंगभावाच्या अभ्यासकाचा पुतळा जाळला. मागणी देशादेशाला वेगळी असते, ओरड मात्र एकच: कुटुंब बुडालं, धर्म बुडाला, पोरं बिघडली.

पोलंडचं उदाहरण जरा नीट ऐका. 2019 पासून तिथल्या शंभराच्या आसपास स्थानिक संस्थांनी, त्यात लहान गावंही आली, आपला भाग या 'विचारसरणी'पासून मुक्त असल्याचे ठराव केले. युरोपीय संघाने निधी अडवला, तेव्हा त्यातले बरेच ठराव मागे घेतले गेले. रस्त्याचं, पाण्याचं काम करायला निवडलेली माणसं शेजारचा मुलगा कुणावर प्रेम करतो याचा ठराव करत बसली होती.

आता आपल्याकडचा ठराव. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. विधवेचं कुंकू हा लिंगभावाचाच प्रश्न आहे. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे शहरी फॅड आहे.

हा विरोध परदेशातून आयात झाला असं मात्र मी म्हणणार नाही. तो आपल्याकडे आधीपासून आहे, मराठीत आहे, आणि त्याच्याशी झुंजणारेही मराठीत होऊन गेले. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक पदरमोड करून काढत होते. लैंगिक विषयावर वाचकांचे प्रश्न येत आणि कर्वे त्यांना रोखठोक उत्तरं देत. 1931 मध्ये अश्लीलतेचा एक खटला होऊन दंड झाला. 1934 मध्ये दुसरा झाला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे विषय त्यात होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात, जाणकाराने उत्तर द्यायचं नाही तर कुणी द्यायचं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता; हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचे दाखलेही त्यांनी दिले. खटला हरले. 200 रुपये दंड झाला. विचार करा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि हा माणूस एका ब्राह्मण संपादकासाठी, असल्या 'घाणेरड्या' विषयासाठी कोर्टात उभा राहतो. आपल्याकडे जयंतीच्या भाषणात हा खटला मी क्वचितच ऐकला आहे.

याच बाबासाहेबांनी 16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे भाषण केलं; ऐकणाऱ्यांत देवदासी, मुरळ्याही होत्या. हा धंदा सोडा, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांना विरोध करणारे या भाषणाचा आधार घेतात. यातल्या दलित स्त्रीवाद्यांचा आक्षेप मी लिंगभावविरोधी मोहिमेच्या खात्यात टाकणार नाही. देवदासी कुठल्या जातीतून सोडल्या गेल्या? कुठल्या घरातल्या मुली या धंद्यात आल्या? 'तिने स्वतः निवडलं' म्हणताना ही जात लपवता येत नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला त्या मोहिमेच्या रांगेत बसवणं हा अन्याय आहे. फरक एवढाच की हा आक्षेप घेणारी बाई धंद्यातल्या बाईला माणूस मानून भांडते. मोहीमवाल्यांना ती बाई म्हणजे नुसता डाग वाटते.

सांगलीला काय झालं ते सविस्तर सांगते, कारण हा सगळा गुंता एका गल्लीत दिसतो. गोकुळनगर ही सांगलीतली वस्ती. तिथल्या बायकांत कर्नाटकाच्या सीमेवरून आलेल्या देवदासी बऱ्याच. 1992 मध्ये मीना शेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम', म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेने तिथे एड्सविरोधी काम सुरू केलं. एकटी बाई गिऱ्हाइकाला 'निरोध वापर' म्हणाली तर तो शेजारच्या दारात जातो. गल्लीतल्या सगळ्याच जणी तेच म्हणायला लागल्या की त्याला जायला दुसरं दार राहत नाही. मग निरोधची खोकी बाहेरच्या बाईने वाटायची गरज उरली नाही. त्या बायकाच घरोघर वाटायला लागल्या. त्यातूनच 1996 ला त्यांची स्वतःची संघटना झाली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, 'व्हॅम्प'. पुढे त्याच कामातून तृतीयपंथी आणि पुरुष देहविक्रय करणाऱ्यांची 'मुस्कान' उभी राहिली.

2003 मध्ये अमेरिकेने एड्ससाठी मदत देणारा कायदा केला आणि त्यात अट घातली: पैसे घेणाऱ्या संस्थेने देहविक्रयाला आपला विरोध आहे असं लिहून द्यायचं. म्हणजे ज्या बाईच्या हाताने निरोध वाटायचा, तिच्याविरुद्ध कागदावर सही करायची. 2005 मध्ये 'संग्राम'ने हा पैसा नाकारला. त्याच वर्षी ब्राझील सरकारने चार कोटी डॉलर नाकारले. ब्राझील हा देश. सांगलीची संस्था केवढी! त्याच वर्षी मे महिन्यात एका परदेशी 'सुटका' संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी गोकुळनगरावर छापा घातला, प्रौढ बायकांनाही उचललं. बायकांनी विरोध केला, तर त्या मुलींच्या सुटकेच्या आड येतात, असा आरोप थेट अमेरिकेपर्यंत पोचला. अल्पवयीन मुलगी तिथे असता कामा नये, याबद्दल त्या बायकांत आणि माझ्यात मतभेद नाही. पण चाळिशीच्या बाईला व्हॅनमध्ये कोंबून तिचं भलं होतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

योगायोग असा की 2005 मध्येच डान्सबारवर बंदी आली, आणि ती आणणारे गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे. आबांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. त्यांच्या ग्रामस्वच्छता अभियानाने हजारो गावांचं रूप बदललं. पण तेव्हाची चर्चा आठवा. खेड्यातली पोरं जमिनीचे पैसे पनवेलच्या बारमध्ये उधळतात, म्हणून बंदी. म्हणजे परत गावाचंच नाव! उधळणारा मोकळा राहिला आणि नाचणारीचं पोट गेलं. उच्च न्यायालयाने 2006 ला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 ला बंदी रद्द ठरवली. बंदीमुळे अनेकींना देहविक्रयाकडे वळावं लागलं, याचीही नोंद न्यायालयाने घेतली.

या मोहिमांचा परिणाम विचाराल, तर बंदी नि छापे हा त्याचा वरवर दिसणारा भाग. आतून काय होतं? चळवळीची शक्ती आपण माणूस आहोत हे शाबीत करण्यात जाते आणि रेशनकार्ड, घरभाडं, पोराची फी मागे राहते. त्याहून वाईट म्हणजे माणसं एकमेकांपासून तुटतात. समलिंगी जोडपं म्हणतं, आम्ही नोकरदार, सभ्य, आम्हाला त्या गल्लीशी जोडू नका. धंद्यातली बाई म्हणते, निदान मी बाई तरी आहे. आणि गरीब तृतीयपंथी? टाळी वाजवून भागलं नाही की ती त्या गल्लीतच उभी असते. 'सभ्यां'च्या हक्कात ती बसत नाही आणि 'पीडितां'च्या सुटकेतही बसत नाही.

अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा 1956 चा कायदा बघा. धंद्याच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही त्यात शिक्षा आहे. आईच्या पैशावर कॉलेज शिकणारा मुलगा अठराव्या वाढदिवसाला आरोपी होऊ शकतो. कुटुंब वाचवायला निघालेल्यांनी हे कुटुंब कधी मोजलंच नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीला पोलिसांनी बॅरिकेड लावून टाळं घातलं, तेव्हा आत अशीच घरं होती. त्याआधीच्या वर्षी, कोरोनात, याच राज्याच्या सरकारने या स्त्रियांना ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 दरमहा 5000 रुपये मंजूर केले, मुलं शिकत असतील तर 2500 जास्त. एक हात देतो, दुसरा दार लावतो.

इथे शिक्षकमंडळी बसली आहेत, म्हणून एक सांगते. 2021 मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली आणि ती संकेतस्थळावरून काढून टाकली. आठवीतला मुलगा चिडवाचिडवीला कंटाळून शाळा सोडतो, तेव्हा गुरुजींच्या हातात एक कागद तरी असता. तोही काढून घेतला. त्या मुलाचं पुढे काय होतं, हे जालन्याच्या स्टँडवर टाळी ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी हुकूम काढला की लिंगं दोनच. परदेशी मदतही थांबवली. त्या पैशावर आपल्याकडे तृतीयपंथीयांसाठी 'मित्र' नावाचे दवाखाने चालत होते: हैदराबादला, कल्याणला, पुण्याला. ते बंद पडले. वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि कल्याणला हार्मोनची गोळी घेणारीला नवा डॉक्टर शोधावा लागतो. परदेशी पैशावर चळवळ उभी करण्यातला धोका 'संग्राम'च्या बायकांना 2005 मध्येच कळला होता.

शेवटी मराठवाड्यातली एक गोष्ट, कारण 'ग्रामीण भारता'चं काय म्हणणं आहे हा प्रश्न अजून उत्तराविना आहे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे पोलिसात भरती झाले ते ललिता म्हणून. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी महिन्याची रजा मागितली. खात्याने नाकारली, कारण महिला आणि पुरुष शिपायाच्या उंची-वजनाचे निकष वेगळे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे पाठवलं गेलं. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं. मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि ते बीड पोलिसात पुन्हा रुजू झाले. 2020 मध्ये लग्न झालं, 2024 च्या जानेवारीत मुलगा झाला. धर्म बुडाला नाही, कुटुंब बुडालं नाही. एक कुटुंब वाढलं. अर्ज राजेगावच्या माणसाचा होता, अडला तो कार्यालयात, आणि अडवताना दिलेलं कारण खात्याच्या निकषांचं होतं, गावच्या आक्षेपाचं नव्हतं.