नशा, मेंदू आणि बाईवरचा ठपका

मैत्रिणींनो, अफूसारखं काम करणारी रसायनं आपला मेंदूही बनवतो. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी त्यांतली दोन ओळखली. कोकेन वारंवार घेतलं की या रसायनांचा तोल ढळतो. त्यांतलं डायनॉर्फिन वाढतं, मन उदास, बेचैन होतं. मग पुन्हा नशेची ओढ लागते.

मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनावर अमेरिकेत एक चाचणी झाली, २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. अफूचा परिणाम रोखणारं नाल्ट्रेक्झोन ब्युप्रोपियनसोबत दिल्यावर १३.६ टक्के जणांना गुण आला. नकली औषध घेणाऱ्यांत २.५ टक्के. यश थोडं, पण वाट आहे.

म्हणून व्यसनी बाईला ‘बदचालीची’ ठरवून घराबाहेर काढू देऊ नका, दवाखान्यात न्या. नवऱ्याच्या नशेचा ठपका बायकोवर येऊ देऊ नका. आजाराला उपचार हवेत. मारहाणीला मात्र माफी नाही.